मसाला घामातून बाहेर येतो का?

समाजमाध्यमांवर भारतीयांना डिवचायचं असलं की हल्ली एक वाक्य हमखास फेकलं जातं: यांच्या अंगाला करीचा वास येतो. मग इकडून उत्तरं जातात, भांडणं जुंपतात. आणि सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बॅगा भरणारी पोरं हळूच विचारतात की तिकडे गेल्यावर लसूण सोडावा लागेल का, गोडा मसाला नेऊ की नको. आपल्याकडेही ही समजूत नांदतेच, फक्त बोट दुसऱ्याकडे असतं. वशाट खाणाऱ्यांच्या अंगाला, घराला वास येतो म्हणून जागा भाड्याने न देणारे मुंबईत काही कमी नाहीत.

दोन्हीकडे गृहीत एकच, की जे पोटात जातं ते कातडीतून बाहेर येतं. यात तथ्य आहे, पण मानलं जातं त्यापेक्षा बरंच कमी. आहे तेवढं मात्र गमतीचं आहे, त्यामुळे सुरुवातीपासून बघू.

घामाला स्वतःचा वास नसतो

आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. त्यातल्या बहुतेक सगळ्या एकच काम करतात: मीठ-पाणी बाहेर सोडून अंग गार ठेवणं. कपाळावरून, पाठीवरून ओघळतो तो हा घाम. त्याला वास जवळजवळ नसतोच.

दुसऱ्या जातीच्या ग्रंथी काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतात. यांना अपोक्राइन ग्रंथी म्हणतात. वयात येईपर्यंत त्या झोपलेल्या असतात, म्हणून दिवसभर मातीत लोळलेल्या पाच वर्षांच्या पोराच्या काखेला वास नसतो आणि पंधराव्या वर्षी त्याचाच शर्ट लांबून ओळखू येतो. या ग्रंथींतून येणारा स्राव थोडा दाट, त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांचे तुकडे. ताजा असताना त्यालाही वास नसतो.

वास येतो तो पुढच्या पायरीला. काखेतले जिवाणू हा स्राव खातात आणि त्याचे वासाचे पदार्थ बनवतात. दुधाला विरजण लागावं तसं हे आहे. दूध तेच, पण शेजारच्या घरचं दही वेगळं लागतं, कारण विरजण वेगळं. तुमच्या काखेत कोरिनेबॅक्टेरियम जातीचे जिवाणू जास्त की स्टॅफिलोकॉकस जातीचे, यावर तुमचा वास आंबूस होणार की उग्र, हे बरंचसं ठरतं.

या जिवाणूंच्या कारखान्यातून निघणारे मुख्य पदार्थ रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे काढले आहेत. एका आम्लाचा वास बोकडासारखा. एका गंधकयुक्त पदार्थाचा कांद्यासारखा. आणि तिसऱ्या एका आम्लाचा वास, तज्ज्ञांच्या वर्णनात, चक्क जिऱ्यासारखा. हा तिसरा पदार्थ ज्याने जन्मात जिरं चाखलेलं नाही अशा माणसाच्या काखेतही तयार होतो. घामट माणसाला बघून ‘हा मसाला खातो वाटतं’ म्हणणाऱ्याच्या नाकात कदाचित हेच आम्ल शिरलेलं असतं. फरक एवढाच, की स्वतःच्या गावच्या घामट माणसाला तो नुसतं घामट म्हणतो.

मग खाल्ल्याने काहीच फरक पडत नाही?

पडतो. अन्नातले काही मोजके रेणू पोटातून रक्तात उतरतात, शरीर त्यांचे तुकडे करू शकत नाही, आणि मग ते मिळेल त्या वाटेने बाहेर पडतात: श्वासातून, लघवीतून, थोडेसे घामातून, बाळंतिणीच्या दुधातून.

लसूण हे यातलं नावाजलेलं उदाहरण. त्यातले बरेचसे गंधकयुक्त पदार्थ आतड्यात आणि यकृतात मोडले जातात, पण एक उरतो, अलाइल मिथाइल सल्फाइड. तो रक्तात जातो आणि फुप्फुसांतून कित्येक तास झिरपत राहतो. म्हणून लसणीचा ठेचा चापून खाल्ल्यावर कितीही दात घासले तरी वास जात नाही. वास दातांवर नसतोच मुळी. जेवतानाच दूध घेतलं तर हा वास कमी होतो असं प्रयोगांत दिसलं आहे, सायीचं दूध जास्त गुणकारी. नंतर घेतलेल्या दुधाचा तेवढा उपयोग होत नाही.

माझ्या मते मात्र लसणीपेक्षा मेथीची गोष्ट जास्त मजेची आहे, आणि ती मराठी घरांत पिढ्यानपिढ्या घडत आली आहे. बाळंतिणीला मेथीचे लाडू द्यायची आपली रीत. डिंक, खारीक, खोबरं, तुपात भाजलेलं मेथीचं पीठ; रोज सकाळी एक लाडू, वर दूध. दोन-चार दिवसांत तिच्या लघवीला आणि घामाला जळक्या साखरेसारखा गोडसर वास येऊ लागतो. बाळाच्या लंगोटालाही कधी कधी तोच. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचा पदार्थ असतो, तो न बदलता शरीरातून बाहेर पडतो, त्याचा हा प्रताप.

कॅनडा-अमेरिकेत मेपल नावाच्या झाडाच्या रसापासून पाक करतात, त्याचा वास अगदी असाच असतो. आता पंचाईत अशी, की नवजात बाळांना होणारा एक दुर्मीळ आणि जिवावर बेतणारा आजार आहे, ज्यात प्रथिनांतले काही घटक बाळाला पचवता येत नाहीत आणि त्याच्या लघवीला हाच वास येतो. १९५४ साली अमेरिकेत त्याचं पहिलं वर्णन झालं आणि आजाराला नावही या पाकाचंच पडलं. त्यामुळे प्रसूतीच्या सुमारास आईने मेथी खाल्ली होती, बाळाला मेपलचा वास आला आणि डॉक्टरांची धावपळ उडाली, अशी प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तपासण्या झाल्या, बाळ ठणठणीत निघालं. परदेशात बाळंतपणाला गेलेल्या आजीने लाडवांचा डबा नेला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. अर्थात वास आला म्हणजे मेथीच, असं घरी बसून ठरवायचं नाही. तपासणी करायचीच.

या मेथीने एकदा अख्खं न्यूयॉर्क कोड्यात टाकलं होतं. २००५ पासून अधूनमधून मॅनहॅटनवर गोड पाकाचा वास पसरायचा आणि घाबरलेले लोक फोन करायचे. २००९ साली उलगडा झाला: नदीपलीकडे न्यू जर्सीत सुगंधी अर्क बनवणाऱ्या कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया चालायची आणि वारा अनुकूल असला की वास शहरात यायचा.

मासे खाणाऱ्याच्या अंगाला माशांचा वास येतो का?

नाही. हा प्रश्न कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी ऐकावा लागतो, म्हणून जरा नीट सांगतो.

माशाला वास येतो तो ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या वायूमुळे. मासा शिळा होत जातो तसा तो वाढतो. आपल्या आतड्यातही हा वायू बनतो, मासे आणि अंड्यांसारख्या पदार्थांपासून. पण तो यकृतात पोचला की तिथलं एक विकर त्याचा वास काढून टाकतं आणि बिनवासाचा पदार्थ लघवीवाटे निघून जातो. रोज दोन वेळा बांगडा खाणाऱ्याचंही यकृत हे काम बिनबोभाट करत असतं.

अगदी थोड्या माणसांत या विकराचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यांच्या घामाला, श्वासाला खरोखर माशांचा वास येतो, मग ते शाकाहारी का असेनात, कारण या वायूचा कच्चा माल सोयाबीनमध्ये आणि काही डाळी-शेंगांतही असतो. महाभारतातल्या मत्स्यगंधेला पराशर भेटला. या रुग्णांना आधी वर्षानुवर्षं ‘नीट आंघोळ करत जा’ हा सल्ला मिळतो आणि मग कधीतरी योग्य डॉक्टर भेटतो.

कोळणीच्या हाताला, लुगड्याला येणारा वास हा टोपलीतल्या मालाचा. तो शरीरातून येत नाही आणि साबणाने जातो.

मटण विरुद्ध भाजी: प्रयोग काय म्हणतात

चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरात यान हावलिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १७ पुरुषांना दोन आठवडे मांस खायला घालून त्यांच्या काखेत कापसाच्या पट्ट्या ठेवल्या, काही काळाने तेच पुरुष दोन आठवडे बिनमांसाच्या जेवणावर. स्त्रियांनी पट्ट्या हुंगून गुण दिले. बिनमांसाच्या पट्ट्या जास्त सुखद आणि कमी उग्र ठरल्या.

शाकाहारी मंडळींनी इतक्यात पेढे वाटू नयेत. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाने असाच अभ्यास केला. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांचा घाम तिथेही चांगला ठरला, पण स्निग्ध पदार्थ, मांस आणि अंडी जास्त खाणाऱ्यांचाही वास बरा निघाला, आणि पाव-बटाटा-भात गटातलं पिष्टमय अन्न जास्त असणाऱ्यांचा कमी आवडला. आता वरण-भातवाल्यांनी काय करावं?

प्रागच्या याच गटाने पुढे लसणीवर प्रयोग केले. ६ ग्रॅम लसणीने काखेच्या वासात फरक पडला नाही. १२ ग्रॅम खाल्ल्यावर, म्हणजे आपल्या बारीक गावठी लसणीच्या मूठभर पाकळ्या, काखेचा वास स्त्रियांना जास्त आवडला! तोंडाचा वास विचारलाच नव्हता, हे त्यांचं शहाणपण.

हे सगळे अभ्यास छोटे आहेत, माणसं मोजकी आणि बहुतेक युरोपीय वंशाची, ताट आपल्यापेक्षा वेगळं. आहारामुळे वासात थोडा बदल होतो एवढं त्यातून घ्यावं. अमुक जातीचा किंवा देशाचा माणूस वास मारतो, असं त्यातून काढता येत नाही.

काही समाजांतल्या लोकांच्या अंगाला खरंच वास कमी येतो, ते कसं?

हो, येतो. पण त्याचं कारण ताटात नाही.

जपानी शरीरशास्त्रज्ञ बुंतारो अदाची शिकायला जर्मनीत गेला तेव्हा तिथल्या लोकांच्या अंगाचा दर्प त्याला सहन होईना. १९०३ साली त्याने युरोपियनांच्या वासावर एक जर्मन निबंधच लिहिला. तिकडून इकडे नाक मुरडलं जातं तसं इकडून तिकडेही मुरडलं जात होतं, आणि लेखी. जपानी लोक त्या काळी याचा दोष लोणी आणि मांसाला देत.

खरं कारण २००६ साली जपानी संशोधकांनीच शोधलं, आणि तेही कानातल्या मळावरून. एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने कानातला मळ ओला-चिकट की कोरडा-भुसभुशीत, हे ठरतं. तेच जनुक काखेतल्या अपोक्राइन ग्रंथींत कच्चा माल बाहेर टाकायचं काम करतं. बदललेल्या अक्षराच्या दोन्ही प्रती मिळालेल्या माणसाच्या काखेत जिवाणूंना खायला फारसं काही येतच नाही. कोरियात जवळजवळ सगळे असे, जपानमध्ये बहुसंख्य. युरोपात आणि आफ्रिकेत अगदी थोडे. भारतीय उपखंडात दोन्ही प्रकारचे लोक आहेत, आणि हा कमी वासाचा बदल आपल्याकडे युरोपपेक्षा बराच जास्त आढळतो. करीचा वास म्हणून हिणवणाऱ्यांना ही माहिती सहसा नसते.

२०१३ साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांचे जनुक तपासले. त्यातल्या सुमारे २ टक्के बिनवासाच्या गटातल्या निघाल्या. तरीही त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त जणी नेमाने डिओडरंट मारत होत्या.

मग करीचा वास येतो तरी कुठून?

बहुतेक वेळा कपड्यांतून. थंड देशातला छोटा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. खिडक्या बंद, चिमणी असली तरी नावापुरती, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर टांगलेलं जाड जॅकेट. फोडणीत मोहरी तडतडली, कांदा परतला, वर हिंग पडला की तेलाचे अतिसूक्ष्म थेंब मसाल्याचा अर्क घेऊन हवेत उडतात. ते लोकरीत बसतात, केसांत बसतात, पडद्यात बसतात. जॅकेट काही रोज धुतलं जात नाही. माणूस अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, वर ते जॅकेट चढवून बसमध्ये चढतो आणि स्वतःला काही कळत नाही, कारण घरच्या वासाची नाकाला सवय झालेली असते. तळणीच्या दुकानात काम करणारा इंग्रज पोरगाही असाच वास घेऊन घरी जातो. मसाला पोटातून फिरून बाहेर आला की थेट कढईतून कॉलरवर बसला, हे शेजारी बसलेल्याला नाकाने ओळखता येत नाही.

कापडाचीही एक भानगड आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ साली लोकांना व्यायाम करायला लावून त्यांचे टीशर्ट दुसऱ्या दिवशी तपासले. पॉलिस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा जास्त वास मारत होते, कारण काही वासाळ जिवाणू पॉलिस्टरवर चांगले पोसतात. शिवाय हे कापड तेलकट पदार्थ धरून ठेवतं. धुऊन वाळवलेल्या पॉलिस्टरच्या शर्टावर इस्त्री फिरवली की काखेपाशी जुना आंबूस वास वर येतो, तो अनुभव पुष्कळांना असेल. माणूस स्वच्छ, शर्ट गुन्हेगार.

हे फक्त लाजेपुरतं राहत नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात शेकडो घरं भाड्याने देणाऱ्या एका मालकाने दलालांना कळवलं होतं, की गोऱ्यांखेरीज भाडेकरू नकोत, ते गेल्यावर घरात करीचा वास राहतो. तिथल्या समता आयोगाने त्याला कोर्टात खेचलं आणि २०१७ साली न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. मुंबईतल्या सोसायट्यांच्या ‘ओन्ली व्हेज’ पाट्यांमागची भाषा याहून फार वेगळी नसते, फक्त तिथे वासाच्या आड जात बसलेली असते.

पण घाण वास तो घाणच ना?

हा आक्षेप अगदीच खोटा नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जंगलात शिकार करून जगणाऱ्यांपासून शहरी माणसांपर्यंत, नऊ वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना दहा वास क्रमाने लावायला सांगितले. व्हॅनिला जवळजवळ सगळीकडे वर आला आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल, म्हणजे बुटातल्या घामट पायांचा वास, तळाला गेला. आवडीनिवडीतल्या फरकांत संस्कृतीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला.

पण तिथे नुसते वास होते, लेबलं नव्हती. ऑक्सफर्डमध्ये २००५ साली याच आम्लाला चीजचा स्वाद जोडून लोकांना हुंगायला दिलं. पडद्यावर ‘चेडर चीज’ लिहिलेलं असताना वास बरा वाटला, ‘अंगाचा वास’ लिहिल्यावर तोच वास नकोसा झाला. ‘हा वास कुणाचा आहे’ ही माहिती नाकाला मिळाली की पुढचं काम संस्कृती करते.

इथिओपियातले दासानेच लोक गुरं पाळतात. गोमूत्राने हात धुणं, अंगाला शेण फासणं पुरुषांच्या प्रतिष्ठेचं. बायका डोक्याला, खांद्यांना लोणी चोपडतात. हाच सुगंध. त्यांच्यातलेच काही जण गुरं नसल्यामुळे मासेमारी करतात, आणि गुराखी त्यांना वासाचे म्हणून दूर ठेवतात. कुणाचा वास घाण, हे कुणाकडे गुरं आहेत यावर ठरतं.

सवय तर जन्माआधीच लागते. फ्रान्समधल्या आल्सास भागात गरोदरपणात बडीशेपेच्या चवीचे पदार्थ खाल्लेल्या आयांची बाळं जन्मल्याबरोबर त्या वासाकडे तोंड वळवत; इतर बाळं वळवत नव्हती. लसूण खाल्लेल्या आईचं दूध बाळं जास्त वेळ पितात, असंही दिसलं आहे.

आणि काही लाज तर विकत आणलेली आहे. १९१९ साली अमेरिकेतल्या एका महिला मासिकात घाम रोखणाऱ्या औषधाची जाहिरात आली. तुमच्या काखेचा वास तुम्हाला कळत नाही आणि लोक तोंडावर सांगत नाहीत, असा तिचा सूर. चिडून दोनेकशे वाचकांनी मासिक घेणं बंद केलं. औषधाचा खप मात्र वर्षभरात दुपटीवर गेला.

तरीही, करायचं काय?

ताट बदलायची गरज बहुतेकांना नाही. स्वयंपाकाच्या आधी जॅकेट कपाटात बंद करा, फोडणीच्या वेळी खिडकी उघडा, घरात घालायचे कपडे वेगळे ठेवा. व्यायामाचा शर्ट सुती असू द्या आणि ओला गोळा करून बॅगेत ठेवू नका. काख साबणाने धुऊन नीट कोरडी करा. मुंबईच्या दमट हवेत ओलावा टिकतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं.

डिओडरंट जिवाणू कमी करतं आणि वर सुगंध मारतं. घामरोधक वेगळं, त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घर्मग्रंथींची तोंडं तात्पुरती बुजवतात. दाढी झाल्यावर न्हावी फिरवतो ती तुरटीही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. ती ओली करून काखेत फिरवली तर जिवाणूंना आळा बसतो. नुसता सुगंध घामावर मारण्यात मात्र अर्थ नाही. घामट शर्टावर मोगऱ्याचं अत्तर काय करतं, ते लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

कडक उपवासात तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो, कारण साखर संपल्यावर शरीर चरबी जाळतं आणि त्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं. साबुदाण्याची खिचडी हाणणाऱ्यांनी काळजी करू नये, साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. पण मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला असा गोडसर वास येऊ लागला, सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असली, तर घरगुती उपाय करत बसू नये. रक्तातली साखर तपासून ताबडतोब दवाखाना गाठावा.